खापरी नळापासून वसंत टेकडीपर्यंत

ज्या शहराच्या पायथ्याशी बारमाही नदी वाहते, त्या शहराला आपल्या पाण्याचा इतिहास सांगत बसण्याचे फारसे प्रयोजन पडत नाही. नदी होती म्हणून घाट झाले आणि घाटांच्या आश्रयाने वस्ती वाढली, एवढ्या दोन वाक्यांत तो आटोपतो. नगरची गोष्ट निराळी आहे. सीना नदी शहराच्या पश्चिम अंगाने जाते खरी. परंतु तिचा एक उगम पारनेर तालुक्यातील जामगावापाशी आणि दुसरा जेऊरकडील डोंगरांत असल्यामुळे नगरजवळ ती येते तेव्हा तिचे बाल्य अजून संपलेले नसते, आणि पावसाळा सरून महिना-दोन महिने लोटले की तिच्या पात्रात उरते ती वाळू, खडक आणि मधूनमधून साचलेली डबकी. सह्याद्रीची रांग ओलांडून पूर्वेकडे उतरताना मोसमी ढगांचा भार पुष्कळसा हलका झालेला असतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीच्या या उघड्या पठारावर वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास घोटाळतो, आणि त्यातही एखादे वर्ष दगा देऊन जाते. अशा जागी पाच शतकांहून अधिक काळ एक शहर नांदत राहिले, वाढले, राजधानीचे लष्करी ठाणे झाले, ठाण्याचे जिल्ह्याचे मुख्य गाव झाले आणि आज महानगरपालिकेच्या पदवीला पोहोचले, याचा उलगडा व्हायचा असेल तर तिथल्या राजांच्या याद्या वाचून तो होणार नाही. तिथे पाणी कोणी, कोठून आणि कोणासाठी आणले, हे पाहावे लागेल. आणि पाण्याच्या मागोमाग येणाऱ्या बागा कोणाच्या होत्या, हेही.

शहराच्या जन्माशीच बागेचे नाव जडलेले आहे. बहमनी सत्तेचे तुकडे पडत असताना निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने २८ मे १४९० रोजी बहमनी सरदार जहांगीरखान याच्या फौजेचा भिंगारजवळ पराभव केला, आणि जिथे जय मिळाला तिथेच एक बाग लावून आपले निवासस्थान बांधले. बागनिजाम हे तिचे नाव. याच बागेच्या जागी पुढे भुईकोट किल्ला उभा राहिला, आणि हुसेन निजामशहाच्या काळात, सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर, त्याला आजचा दगडी तट मिळाला. २८ मे हा दिवस नगरकर आजही शहराचा स्थापनादिन म्हणून पाळतात. २०२४ साली शहराचे आणि जिल्ह्याचे सरकारी नाव अहिल्यानगर झाले तरी बोलण्यात ‘नगर’ हे दोन अक्षरी नाव जसेच्या तसे राहिले आहे.

राजधानी वसवणे एक आणि तिची तहान भागवणे दुसरे. निजामशाही कारभाऱ्यांनी दुसरे काम ज्या रीतीने केले, ती रीत इराणच्या कोरड्या प्रदेशात शेकडो वर्षांपासून रूढ होती आणि दख्खनमध्ये बीदरसारख्या ठिकाणीही ती पोहोचली होती. नगरच्या उत्तरेस आणि पूर्वेस डोंगरांची एक कमान आहे. या डोंगरांच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेले पाणी विहिरींत आणि बांधीव कुंडांत गोळा करावयाचे, आणि तेथून भूमिगत नळाने शहराकडे न्यावयाचे, अशी ती योजना. कापूरवाडी, वडगाव, शेंडी, नेप्ती, भंडारा, भिंगार, नागाबाई अशा निरनिराळ्या दिशांनी असे नळ शहराकडे येत. १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या नगरविषयक खंडात या नळांचे तपशीलवार वर्णन आले आहे, आणि त्या वेळी त्यांतील काही नळ वाहते होते.

नळ म्हटला की आपल्यापुढे लोखंडी तोटी येते. हा नळ तसा नव्हे. भाजलेल्या मातीची, एका तोंडाशी थोडी निमुळती केलेली नळकांडी एकमेकांत बसवून त्यांचे सांधे चुन्याने बुजवीत, आणि सगळी रांग चुना-विटांच्या भक्कम गादीत पुरून टाकीत. म्हणून लोक त्याला खापरी नळ म्हणत. उतार इतका बेताचा ठेवावा लागे की पाणी थांबू नये, आणि त्याच्या वेगाने खापरही झिजू नये. मध्ये सखल जागा किंवा ओढा आला की नळ पलीकडे नेण्यासाठी बांधकामाचे निराळे कौशल्य लागे. ठरावीक अंतरावर जमिनीच्या वर डोकावणारे चौकोनी किंवा गोल बांधकाम असे. त्यातून नळात कोंडलेली हवा बाहेर पडे, गाळ खाली बसे, आणि सफाईसाठी माणसाला आत उतरता येई. अशा बांधकामांना उच्छ्वास हे फार अन्वर्थक नाव आहे. या साऱ्या व्यवस्थेत बैलाची मोट नाही, रहाट नाही, मनुष्यबळाने उपसणे नाही. डोंगराची उंची आणि शहराची सखलता यांतला जो फरक तेवढ्यावरच पाणी रात्रंदिवस चालत राही. निजामशाहीच्याच उत्तरकाळात मलिक अंबराने खडकी येथे, म्हणजे पुढील औरंगाबादेत, जी नहर बांधली ती याच विद्येचे प्रौढ फळ होते, आणि अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पुण्यात आणलेले पाणीही याच कुळातले.

या व्यवस्थेशी ज्याचे नाव नगरच्या स्मृतीत विशेष निगडित आहे, तो मुर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान. रस्त्यांचा बंदोबस्त, झाडांची लागवड, तलाव आणि पाटबंधारे यांकडे त्याचे लक्ष असे. भातवडीचा तलाव त्याचाच म्हणून सांगतात. शहराच्या पूर्वेस शहाडोंगरावर त्याची अष्टकोनी, तीन मजली कबर आहे, आणि ती कित्येक कोसांवरून दिसते. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. हे नाव चुकीचे असले तरी जागेवरचा लोकांचा हक्क खरा आहे: श्रावणात डोंगर हिरवा झाला की कुटुंबेच्या कुटुंबे शिदोऱ्या घेऊन तिथे जातात, आणि राज्याच्या पाण्याची चिंता वाहिलेल्या एका कारभाऱ्याच्या कबरीभोवतीच्या मोकळ्या वाऱ्यात सुट्टीचा दिवस घालवतात.

आता बागांकडे वळू. उत्तरेस, सावेडीच्या अंगाला, हश्त बिहिश्त नावाची बाग होती. शेंडी आणि वडगावकडून आलेल्या पाण्याने भरणारे अष्टकोनी तळे आणि त्याच्या मध्यभागी महाल, अशी तिची रचना. दक्षिणेस फराहबाग. हिचे काम १५८३ साली पुरे झाले. तिच्या मधला उंच महाल चारी बाजूंनी पाण्याने वेढलेला होता, आणि मुर्तझा निजामशहा राज्यकारभारापासून दूर राहण्यासाठी इथे येऊन बुद्धिबळ खेळत बसे, अशी परंपरागत हकिगत आहे. आज तळे कोरडे आहे, महालाच्या भिंती मात्र उभ्या आहेत, आणि शेजारीच लष्कराचे रणगाडा संग्रहालय असल्याने बाहेरगावचा पाहुणा दोन्ही एकाच फेरीत पाहून येतो. या दोन बागांच्या अवशेषांपाशी उभे राहिले की त्या रचणाऱ्यांच्या कल्पकतेपुढे मस्तक नमते. पावसाने पाठ फिरवलेल्या पठारावर मैलोगणती दुरून आणलेले पाणी केवळ दृष्टीला गारवा मिळावा म्हणून तळ्यात साठवून ठेवणे, हे वैभवाचे परमावधीचे रूप होय. परंतु ते एका माणसाचे वैभव होते. बागेला दरवाजा होता आणि दरवाज्यावर पहारा होता. त्याच नळांच्या शाखा शहरातल्या मशिदींच्या आणि मोहल्ल्यांच्या हौदांत पडत आणि सामान्य रयतेच्या घागरी तिथे भरत, ही गोष्ट फराहबागेच्या सौंदर्याहून मला अधिक मोलाची वाटते. कारण राजवंश लोपल्यावर बागा उजाड झाल्या, पण हौदाची गरज लोपली नाही, आणि गरज होती म्हणून नळांची दुरुस्ती करणारे हातही शतकामागून शतके निघत राहिले.

पहिल्या बागेची, बागनिजामची, हकिगत इथेच पुरी करतो. १८०३ च्या ऑगस्टात आर्थर वेलस्ली याने भुईकोट किल्ला घेतला आणि तो इंग्रजांकडे गेला. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ ठरावानंतर काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य याच किल्ल्यात आणून ठेवण्यात आले. पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ १९४४ साली इथे लिहिला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच ग्रंथात त्यांनी आपल्या बागकामाविषयीही लिहिले आहे. तुरुंगाच्या अंगणातील ओसाड, दगडगोट्यांनी भरलेली जमीन खणून ते फुलांचे वाफे तयार करीत, आणि खणता खणता त्यांना जुन्या भिंतींचे व इमारतींचे गाडले गेलेले भाग लागत. साडेचारशे वर्षांपूर्वी जिथे एका विजेत्याने बाग लावली, तिथेच एका बंदिवानाने पुन्हा कुदळ हाती धरली होती.

शहराचे सार्वजनिक जीवन राजवाड्याच्या बाहेर येऊन नागरिकांच्या हाती पडू लागले ते एकोणिसाव्या शतकात. आणि नगरच्या बाबतीत त्याचा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन इथे आले. १८३८ साली वाचनालय स्थापन झाले, तेच आजचे जिल्हा वाचनालय. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या ग्रंथालयांत त्याची गणना होते. १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक इथून निघू लागले. सिंथिया फॅरार या बाईंनी मुलींच्या शाळा चालवल्या. त्या शाळांचे काम पाहून जोतीराव फुल्यांना स्फूर्ती मिळाली आणि सावित्रीबाईंच्या शिक्षिका म्हणून झालेल्या तयारीत फॅरारबाईंचा वाटा होता. आणि नगरपालिका आली ती त्यानंतर, १८५४ साली. रस्त्यावर दिवे लावण्याची आणि गटारे काढण्याची तजवीज होण्याच्या सोळा वर्षे आधी ज्या गावाने वाचण्याची तजवीज केली, त्या गावाविषयी माझ्या मनात विशेष आदर आहे.

ती नगरपालिका १८५० च्या सव्वीसाव्या कायद्याखाली स्थापन झाली. या कायद्याचे वैशिष्ट्य असे, की तो कोणत्याही गावावर लादला जात नसे. गावच्या रहिवाशांची इच्छा असल्याचे सरकारला दिसले, म्हणजेच तो तिथे लागू करता येई. झाडलोट, दिवाबत्ती, रस्ते, पाणी आणि जकातीची वसुली एवढेच प्रारंभीचे काम. पुढे कायदे बदलत गेले, निवडणुकीचे तत्त्व आले, स्वातंत्र्यानंतर प्रौढ मताधिकार आला. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून नागरी स्वराज्यसंस्थांना राज्यघटनेत स्थान दिले आणि बाराव्या अनुसूचीत त्यांच्याकडे सोपवावयाच्या अठरा विषयांची यादी घातली. त्या यादीत पाणीपुरवठा आहे, स्मशानभूमी आहे, जन्ममृत्यूची नोंद आहे; आणि उद्याने, बागा व क्रीडांगणे यांचाही स्वतंत्र उल्लेख आहे. राजाच्या मर्जीवर फुलणारी बाग कायद्याच्या कलमात येऊन बसली, हा चारशे वर्षांतला बदल थोडाथोडका म्हणता येणार नाही. ३० जून २००३ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिच्या हद्दीतील लोकसंख्या साडेतीन लाखांच्या थोडी वर भरली. शेजारच्या भिंगारचा कारभार मात्र छावणी मंडळाकडे राहिला. त्यामुळे एकाच रस्त्यावर काही पावले चालताच अंमल बदलतो, आणि नळाचे पाणी कोणाकडे मागावयाचे याचे उत्तरही बदलते.

खापरी नळांनी नगरपालिकेलाही पुष्कळ वर्षे साथ दिली. परंतु १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला, व्यापार वाढला, वस्ती तटाबाहेर पसरली, आणि डोंगराच्या पायथ्याचे झरे अपुरे पडू लागले. तेव्हा सीनेच्याच वरच्या अंगाला पिंपळगाव माळवीचा तलाव पालिकेच्या मालकीचा झाला. त्यानेही पुढे भागेना, तेव्हा शहराने राहुरी तालुक्यातील मुळा धरणाकडे पाहिले. हे धरण २६ अब्ज घनफुटांचे, सभोवतीच्या हजारो हेक्टरांना भिजवणारे. त्यातला शहराचा वाटा तसा अल्प. मुळानगरला पाणी उचलायचे, विळदला शुद्ध करायचे, आणि वसंत टेकडीवरच्या टाक्यांत चढवून तेथून गावात सोडायचे, असा आजचा क्रम आहे. सावेडीतला पाइपलाइन रोड हा गजबजलेला रस्ता आपल्या नावातच या जलवाहिन्यांची आठवण बाळगून आहे.

या नव्या व्यवस्थेतला एक मूलभूत फरक वाचकाने नीट समजून घ्यावा. मुळा धरण नगरहून पुष्कळ खालच्या पातळीवर आहे. जुने पाणी डोंगरावरून उतरत येत होते. नवे पाणी पंपांच्या बळावर चढत येते. म्हणून आज नगरच्या घागरीचा संबंध पावसाइतकाच विजेच्या तारेशी आहे. वादळात तार तुटली किंवा मुख्य वाहिनीला गळती लागली, की उपसा थांबतो. टाक्या भरत नाहीत. ज्या भागाची पाळी त्या दिवशी असेल तिची पुढच्या दिवशीच्या भागाशी टक्कर होते, आणि सगळे वेळापत्रक कोलमडून पूर्ववत व्हायला दोन-तीन दिवस जातात. विजेचे बिल हा पाणीखात्याच्या जमाखर्चातला सर्वांत जड बोजा असतो, आणि ती थकबाकी साचली की तिचे ओझे शेवटी रस्ता, दिवा आणि बाग यांच्या तरतुदीवर पडते. बागेतले गवत पिवळे का पडले, या प्रश्नाचे उत्तर कित्येकदा माळ्याकडे नसून मुळानगरच्या पंपगृहात असते.

दिवसाआड येणारे हे पाणी गल्लीत पोहोचवतो तो व्हॉल्व्हमन. शहराच्या जुन्या भागात, माळीवाडा किंवा नालेगावसारख्या ठिकाणी, पहाटे त्याची सायकल किंवा मोटारसायकल येते. आडव्या दांड्याची लांब लोखंडी चावी तो रस्त्यातल्या झाकणाखाली उतरवतो, आणि दोन्ही हातांनी दांडा धरून फेरे मोजत फिरवू लागतो. किती फेऱ्यांनी कोणत्या गल्लीच्या टोकाशी दाब पोहोचतो, कोणता व्हॉल्व्ह अर्धाच उघडायचा म्हणजे उंचवट्यावरच्या घरांना पाणी चढते, कोठे कान लावला असता जमिनीखालची गळती ऐकू येते, हे ज्ञान नकाशात नसते. ते त्याच्या हातांत असते. ‘पाणी आलं’ ही हाक एका दारातून दुसऱ्या दारात जाते, आणि पुढचा तास-दीड तास त्या गल्लीतला स्वयंपाक, आंघोळी, मुलांची शाळा सारे त्या चावीच्या हिशेबाने चालते. पहाट व्हायच्या आत झाडू घेऊन निघणारे सफाई कामगार आणि हा व्हॉल्व्हमन, यांच्या कामाची खरी ओळख शहराला ते संपावर गेल्यावर पटते. ती रोज पटावी अशी माझी तळमळीची इच्छा आहे.

शहरातील बागा संख्येने थोड्या आणि आकाराने लहान आहेत. गावातली सिद्धीबाग ही पालिकेची जुनी बाग. अनेक पिढ्यांनी तिथल्या घसरगुंडीवर आणि सावलीत आपले बालपण काढले. मोकळ्या मैदानाचे सुख वाडिया पार्कने दिले. तिथे धावण्याचा सराव चालतो, क्रिकेटचे सामने होतात, आणि उजाडताना फिरायला आलेली वडीलधारी मंडळी कोपऱ्यात बसून गावाच्या राजकारणाचा रोजचा निकाल लावतात. सावेडी आणि केडगावकडे नव्या वसाहती झाल्या, त्यांत आराखड्याप्रमाणे मोकळे भूखंड सोडलेले असतात. काहींवर रहिवाशांनी झाडे जगवली, काहींवर केवळ फलक उभा आहे. सायंकाळी घरातले काम आटोपून आलेल्या बायका बाकावर बसतात, त्या तासाभरात त्यांच्याकडे कोणी काही मागत नाही. दोन खोल्यांच्या घरात अभ्यासाला जागा नसलेला मुलगा दिव्याखाली पुस्तक उघडतो. या माणसांना फराहबागेचा पाण्याने वेढलेला महाल नको आहे. त्यांना एक सावली, एक चालू दिवा, पिण्याच्या पाण्याची एक तोटी आणि स्वच्छ प्रसाधनगृह हवे आहे.

नगरच्या सामुदायिक जीवनातही पाण्याचे स्थान फार वरचे आहे, आणि ते मोहरमात प्रत्ययास येते. कोठला येथील बारा इमाम आणि त्याच्या जोडीचा छोटा इमाम यांच्या सवाऱ्या पाहायला दूरदूरची माणसे येतात, आणि त्यांत नवस बोलणारे, मोरचेल घेऊन चालणारे हिंदूही पुष्कळ असतात. करबलाच्या तहानेचे स्मरण म्हणून त्या दिवसांत ठिकठिकाणी सबिली उभ्या राहतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी आणि सरबत दिले जाते, त्याची जात वा धर्म विचारला जात नाही. चैत्रात ऊन तापले की बाजारपेठेत पाणपोया लागतात, रांजणांना ओल्या फडक्यांचे वेढे बसतात. माळीवाड्याचा विशाल गणपती हे नगरचे ग्रामदैवत. भाद्रपदातील मिरवणुकीत मानाचा पहिला गणपती तोच. दोन्ही मिरवणुकांपूर्वी पालिकेची माणसे रस्त्यातले खड्डे बुजवतात, लोंबकळत्या तारा वर घेतात, रात्रभर दिवे आणि पाणी चालू ठेवतात. उत्सवाचे वर्णन करताना या कामाचा उल्लेख सहसा राहून जातो. वास्तविक एकाच रस्त्यावर सर्वांचे उत्सव पार पडावेत यासाठी जी निष्पक्षपाती तयारी लागते ती करणारे खाते हेच आहे.

एक सूचना करण्याजोगी आहे. पिण्यासाठी विळदला शुद्ध केलेले, विजेच्या खर्चाने चढवलेले पाणी बागेच्या झाडांना घालणे परवडणारे नाही, आणि टंचाईच्या वर्षात ते न्याय्यही नाही. परंतु जुन्या शहरात वाड्यावाड्यांतून आड आहेत, बारवा आहेत. खापरी नळांचे काही उच्छ्वास आणि हौद अजून शेतांच्या बांधांवर व परसांत उभे आहेत. त्यांपैकी किती जिवंत आहेत, किती बुजले, कोणावर घर उभे राहिले, याची पाहणी महाविद्यालयातील इतिहास, भूगोल आणि स्थापत्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल. कापूरवाडीपासून प्रारंभ करावा. तो नळ मोठा आणि गॅझेटियरमध्ये चांगला वर्णिलेला आहे. एकेका प्रभागातील आडांचा गाळ काढून त्यांचे पाणी तिथल्याच बागेला आणि रस्त्याकडेच्या झाडांना लावावे, छपरांचे पावसाचे पाणी त्याच आडांत सोडावे, आणि कोणत्या आडाला कोणत्या महिन्यात किती पाणी असते याची नोंद प्रभाग कार्यालयाच्या दप्तरात ठेवावी.